वाटी रिकामी जाऊ नये

त्या संध्याकाळी मी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि मग फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, कढीपत्त्याची पानं तेलात उडाली आणि सकाळच्या पाच पोळ्यांचा कुस्करा मी कढईत लोटला. खिडकी लावली ती धुरासाठी नव्हे. आठवड्यात तिसऱ्यांदा आमच्याकडे रात्रीला फोडणीची पोळी होती. भाजीचे पैसे वाचावेत म्हणून मी सकाळीच पोळ्या जास्त लाटून ठेवायला लागले होते आणि हे शेजारी कळू नये असं मला वाटत होतं.

नवरा ज्या कारखान्यात होता तो बंद पडून तीन महिने झाले होते. घरात आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. उपाशी राहण्याची वेळ आली नव्हती, येईल असंही नव्हतं. पण किराण्याची यादी लिहिताना पेन अडखळायला लागलं होतं. शेंगदाणे एक किलोऐवजी अर्धा, तेलाची पिशवी एक कमी. अशा वेळी माणूस पैशाच्या आधी आवाज आखडता घेतो. मी जिन्यात थांबून बोलणं कमी केलं होतं. कोणी काही विचारलं तर, ही भीती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. रत्नागिरीकडच्या, सत्तरीच्या पुढच्या.

"अगं, चमचाभर विरजण आहे का? माझं आज बिघडलं."

मी एका लहान वाटीत विरजण काढलं. काकू दारातच उभ्या होत्या आणि वास घेत होत्या.

"कुस्करा का? कढीपत्ता काय छान लागलाय! कोरडाच परततेस की पाण्याचा हबका मारतेस?"

"पाण्याचा," मी म्हटलं. लपवलेली गोष्ट उघडी पडल्यासारखं मला झालं होतं.

"ताकाचा मारून बघ. आणि जरा चवीला दे मला, बशीत."

दुसऱ्या दिवशी माझी वाटी परत आली. तिच्यात आठळ्यांची भाजी होती. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्या भाजीखाली घडी करून ठेवल्यासारखा एक निरोप होता असं मला आता वाटतं. फणस खाऊन झाल्यावर आठळ्या फेकायच्या नसतात. धुऊन, वाळवून, लाल मातीत घोळवून ठेवल्या की पावसाळ्यात, भाज्या महाग झाल्यावर, त्या उकडून सोलून ओल्या नाहीतर सुक्या खोबऱ्यावर परतता येतात. गरे खाऊन लोक जे उकिरड्यावर टाकतात, त्याची भाजी काकूंनी मला पाठवली होती आणि तिची त्यांना यत्किंचितही लाज वाटत नव्हती.

मी ताकाचा हबका मारून पाहिला. फरक लगेच कळला. ताज्या पोळीत पिठातला स्टार्च पाणी धरून फुगलेला असतो, म्हणून ती मऊ असते. गार होताना त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि पोळी ताठ होते. ओलावा आणि वाफ मिळाली की त्या साखळ्या परत सैल पडतात. ताकाने हे काम होतंच, वर किंचित आंबटपणा येतो आणि लिंबू वाचतं. हे शास्त्र मी नंतर वाचलं. काकूंच्या हाताला ते आधीपासून ठाऊक होतं.

या पदार्थाला नावं तरी किती सुंदर आहेत! कुणाकडे तो कुस्करा, कुणाकडे मनोहरा, कुणाकडे माणिकपैंजण. शिळ्या पोळीच्या चुऱ्याला ज्या बाईने पहिल्यांदा माणिकपैंजण म्हटलं असेल, तिच्या घरात त्या दिवशी दुसरं काही नसणार आणि तरीही तिने ताटात दागिना वाढला. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच.

*

आमची इमारत चिंचवडची. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, इथे कारखाने उभे राहिले आणि महाराष्ट्राच्या सगळ्या बाजूंनी माणसं कामासाठी येत गेली. त्यामुळे आमच्या बारा घरांच्या जिन्यात लातूर, जळगाव, नागपूर, रत्नागिरी आणि सोलापूर एकाच कठड्याला हात लावून वरखाली करतात. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना दिवाळीचा फराळच तेवढा पाठवत होतो. फराळ म्हणजे घराचा ठेवणीतला चेहरा. एखाद्या साध्या मंगळवारी रात्री कोण काय जेवतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

ती वाटी वरखाली फिरू लागली आणि महिन्याभरात तिच्यामागे आणखी वाट्या निघाल्या. मग शनिवारी चार वाजता गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचं ठरलं. प्रत्येकाने आपल्या गावाकडचा, कमी खर्चाचा एक पदार्थ आणायचा. नियम आपोआप ठरत गेले. पदार्थासाठी मुद्दाम नवीन काही विकत आणायचं नाही. माप वाटी-चमच्यात सांगायचं, 'अंदाजाने' म्हणायचं नाही. फसलेला पदार्थही आणायचा आणि का फसला ते सांगायचं. चौथा नियम पुढे आला, तो मागाहून सांगते.

मापाचा नियम माझा. माझ्याकडे सासूबाईंची 'रुचिरा' आहे, कमलाबाई ओगल्यांची. 1970 साली आलेल्या त्या पुस्तकाने मराठी घरांतला स्वयंपाक वाटी आणि चमच्यात बांधून दिला. ज्या मुलीला शेजारी विचारायला आई नाही, तिलाही ते माप हाताला धरून नेतं. काटकसरीच्या पदार्थांना तर मापाची गरज जास्त. श्रीमंती पदार्थ थोडा बिघडला तरी लोणी-काजू त्याला सांभाळून घेतात. पिठल्यात एका वाटी पिठाला पाणी कमी-जास्त झालं तर सांभाळायला दुसरं कुणी नसतं.

लातूरच्या वहिनींनी पहिल्याच शनिवारी येसराची आमटी आणली. धान्यं, डाळी आणि मसाले खमंग भाजून दळलेलं ते पीठ. पाण्याला फोडणी द्यायची, दोन चमचे येसर कालवून सोडायचं, उकळी आली की दाट, तांबूस आमटी तयार. भाजी नको, खोबरं नको, वाटण नको. त्यांच्याकडे लग्नाच्या पंगतीत ही आमटी असते. पुढच्या खेपेला त्यांनी हुलग्याचे शेंगोळे आणले. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून वळलेले कडबोळ्यासारखे वेढे, लसणाच्याच रश्श्यात शिजलेले. पीठही तेच, रस्सा दाट करायलाही तेच. कमी पाण्यावर येणारं कडधान्य दुष्काळी मुलखाच्या ताटात असं पायापासून डोक्यापर्यंत वापरलं जातं.

जळगावच्या वहिनींची कळण्याची भाकरी होती. ज्वारीबरोबर अख्खे उडीद आणि मीठ दळून आणायचं. भाकरीलाच इतकी चव असते की बरोबर ठेचा आणि कच्चा कांदा पुरतो. एसटीतून निवृत्त झालेले नागपूरचे काका स्वतः गोळाभात करून घेऊन आले. हरभरा डाळीचा भरडा, हळद, तिखट, मीठ आणि तेलाचं मोहन घालून त्याचे गोळे बांधायचे, भात शिजत आला की वर ठेवून वाफेवर शिजू द्यायचे, वाढताना गोळा फोडून त्यावर कडकडीत फोडणी आणि जवळ चिंचेचं सार. वेगळं वरण नाही, वेगळी भाजी नाही, गॅसही एकदाच पेटतो. तांदळात जी प्रथिनं उणी पडतात ती डाळ भरून काढते आणि डाळीत जे उणं असतं ते तांदूळ. काका म्हणाले, "रात्रपाळीच्या डब्यात हाच असायचा. बायकोने शिकवला, ती गेल्यावर मी सोडला नाही."

रत्नागिरीच्या काकूंनी गणपतीत मोदकांच्या उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या खायला घातल्या. मिरची, जिरं, कोथिंबीर मळून वाफवलेल्या त्या वड्यांवर तेलाचे चार थेंब. आणि मी? मी दोडक्याच्या शिरांची चटणी नेली. शिरा थोड्या तेलावर अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ घालून हातानेच चुरायच्या. एका दोडक्यातून भाजीही होते आणि चार दिवसांचं तोंडी लावणंही. ती चटणी सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, तेव्हा किती दिवसांनी मी ताठ बसले होते!

मग आम्हाला नादच लागला. फ्लॉवरचे दांडे आणि कोवळी पानं बारीक चिरून पीठ पेरलं. मटारच्या टरफलांचा आतला चिवट पापुद्रा सोलून बाहेरच्या भागाची भाजी केली. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात मळला. पाणी वेगळं लागलंच नाही. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी. बेरी कणकेत मळली की पोळी खुसखुशीत होते आणि तुपाच्या त्या पातेल्यातच भात परतला की पातेलंही निघतं आणि भाताला तुपाचा वास लागतो. पुरणाच्या दिवशी डाळीचा कट पूर्वीपासून आमटीत जातो. आपल्या सणाच्या सगळ्यात श्रीमंत ताटातही एक पदार्थ गाळलेल्या पाण्याचा असतो, हे आम्ही रोज विसरतो.

सगळं जमलं असं नाही. केळ्याच्या सालींची भाजी मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा ती तुरट झाली. पावसाळ्यात एकदा रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला मी फोडणी दिली आणि मुलाचं पोट बिघडलं. दोन दिवस तो आडवा होता आणि मी स्वतःला क्षमा करू शकत नव्हते. शिजलेला भात बाहेर राहिला तर त्यात असे जिवाणू वाढू शकतात की त्यांनी सोडलेलं विष पुन्हा तापवूनही जात नाही. हे मी गच्चीवर सांगितलं. सांगताना माझा आवाज कापत होता. कुणी मला बोल लावला नाही. उरलेला भात गार होताच फ्रिजमध्ये जायला हवा, फ्रिज नसेल तर लागेल तेवढाच भात लावायचा, हे त्या दिवसापासून प्रत्येक घराने पाळलं. शिळं आणि नासकं यांच्यामधली रेघ ओळखणं हा काटकसरीचा पहिला धडा आहे. ती रेघ पुसून जे वाचतं त्याला बचत म्हणता येत नाही.

*

आता चौथ्या नियमाबद्दल.

माझी आजी सांगोल्याकडची. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आई सांगायची. रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी, दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी, खडी फोडून आलेल्या बायकांचे हात. आजी मिलोच्या पिठात हुलग्याचं पीठ मिसळून भाकरी थापायची. गोष्ट सांगताना आईला आजीचा अभिमान असायचा आणि ऐकताना मलाही. पण माझ्या स्वतःच्या आठवणीतली आजी त्यानंतर बऱ्याच वर्षांनीची आहे. घरात तोवर बरं चाललं होतं. तरीही ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. टोपल्यातली तळची भाकरी तिची, आमटीच्या पातेल्यात पाणी घालून खरवडलेलं कालवण तिचं. ताजी भाकरी तिच्या ताटात टाकली तर म्हणायची, "मला शिळीच आवडते."

त्या बंद खिडकीच्या दिवसांत एका रात्री मी मुलाला गरम पोळी वाढली आणि माझ्या ताटात सकाळची घेतली. तो म्हणाला, "तू पण गरम घे ना." माझ्या तोंडून निघालं, "मला शिळीच आवडते." वाक्य माझं नव्हतं, आवाज माझा नव्हता. मी तशीच बसून राहिले.

आपल्या स्वयंपाकघरांतल्या काटकसरीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. कितीतरी घरांत डाळ-तांदूळ वाचवण्याची कला म्हणजे एका बाईच्या पोटातून केलेली वजाबाकी होती. पदार्थ चौघांना पुरायचा, कारण पाचवी जेवायची नाही. त्यावर आपण 'सुगरण' असा शिक्का मारला आणि हिशोब मिटवला.

मी हे गच्चीवर बोलले. लातूरच्या वहिनी बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझी आई तर म्हणायची, तिला भूकच लागत नाही." एकेकीची आई, एकेकीची सासू त्या संध्याकाळी गच्चीवर येऊन बसली. आणि चौथा नियम ठरला. काटकसरीचा पदार्थ ज्या घरात होईल, तिथे तो सगळ्यांच्या ताटात सारखा पडला पाहिजे. शिळं असेल तर सगळ्यांना शिळं, ताजं असेल तर सगळ्यांना ताजं. नागपूरच्या काकांनी पुस्ती जोडली की तो पदार्थ घरातल्या पुरुषांना आणि मुलांनाही करता आला पाहिजे. तेव्हापासून दोडक्याच्या शिरा माझा मुलगा परततो, माझ्यापेक्षा धीराने.

एकटीने सोसलेली काटकसर माणसाला झिजवते. तीच चारचौघांत आणली की विद्या होते. पदार्थ तोच असतो, पैसेही तेवढेच वाचतात. पण खिडकी लावून केलेला कुस्करा आणि गच्चीवर नेलेला कुस्करा यांच्या चवीत जे अंतर आहे, ते मी जिभेने मोजलेलं आहे.

आपल्या मुलखात ही गोष्ट बायकांना फार पूर्वीच उमगली होती. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर 1959 साली सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. गिरणगावात कामगारांसाठी घरातच खाणावळ चालवणाऱ्या बायका होत्या. अरुंद खोलीत, सावकाराच्या व्याजाखाली, प्रत्येक बाई आपापल्या चुलीशी एकटी. 1975 साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि त्या बायकांना बँकेची दारं उघडली. त्यांच्या हातची डाळ-भाकरी आदल्या दिवशी होती तीच राहिली. फक्त ती करणाऱ्या बाईला शेजारची बाई दिसू लागली होती. आमची बारा घरांची गच्ची त्यांच्यापुढे फार लहान आहे. पण गच्ची म्हटलं की मला त्या सात जणी आठवतात आणि बरं वाटतं.

*

नवऱ्याला पुढे दुसरीकडे काम लागलं. पगार पहिल्यापेक्षा कमी, पण वेळेवर. शेंगदाणे पुन्हा किलोने येऊ लागले. शनिवार मात्र थांबला नाही. आता कुणाला गरज म्हणून, कुणाला सवय म्हणून, कुणाला गावाची आठवण म्हणून तो हवा असतो. माझ्याकडे एक वही झाली आहे. तिच्यात पदार्थाचं नाव, माप, किती जणांना पुरला आणि कुणाच्या आईचा, एवढं लिहिते. शेवटचा रकाना मी कधी मोकळा सोडत नाही.

काकू गेल्या वर्षी मुलाकडे राहायला गेल्या. सामान आवरायला मी गेले होते. फडताळात दगडी सटात दही लावलेलं होतं. घट्ट, वर सायीचा पापुद्रा.

"हे तू घेऊन जा," काकू म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी विरजण दिलं होतं. तेव्हापासून एक दिवस खंड नाही. एकदाही बिघडलं नाही बघ."

मी सट हातात घेऊन उभी राहिले. त्या संध्याकाळी दारात आलेल्या काकू मला पुन्हा दिसल्या. त्या काही द्यायला आल्या असत्या तर मी हसून नाही म्हटलं असतं आणि दार लावलं असतं. त्या मागायला आल्या होत्या. ज्याच्याकडे कुणी काही मागतं, तो रिता नसतो. चमचाभर विरजण मागून त्यांनी मला माझं घर भरलेलं आहे, एवढं सांगितलं होतं.

त्यांच्या जागेत आता एक तरुण जोडपं भाड्याने आलं आहे. मुलगी धुळ्याकडची आहे, लहान बाळ आहे. मध्यंतरी नवरा दुपारचा घरी दिसायला लागला. मुलगी जिन्यात खाली बघत जायला लागली. चार दिवसांपूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी फोडणीच्या वेळी बंद झालेली मी खालून पाहिली.

माझ्या फ्रिजमध्ये काकूंचं दही होतं. मी फ्रिजचं दार बंद केलं, पदराला हात पुसले आणि जिना चढून वर गेले. मुलीने दार अर्धंच उघडलं.

"अगं, चमचाभर विरजण आहे का?" मी विचारलं. "आणि हा वास कसला येतोय? डाळ कशाची घातलीस?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि वाटी शोधायला लागली.